ताटातला अर्धा रोट

सुरतेहून गावी आलेल्या माणसाची परीक्षा आमच्याकडे एसटीतून उतरल्या उतरल्या व्हायची, आणि ती व्हायची मानेवर. मान भरलेली असली, शर्टाचं वरचं बटण लागत नसलं, की पास. ‘सुरत आंगले लागनी रे तुले!’ असं म्हातारे कौतुकाने म्हणत आणि बसायला जागा करून देत. पगार किती, खोली कशी, दिवसपाळी की रातपाळी, हे कोणी विचारायचं नाही. मान बघितली की सगळं कळलं.

मी नव्याने गेलो तेव्हा दोन-तीन वर्षं सपशेल नापास होत होतो. वडील नुकतेच गेले होते. अंगाने भरलेला, हसरा माणूस. सकाळी अंगणात चूळ भरता भरता खाली बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. मग मी मायला आणि धाकट्या बहिणीला घेऊन सुरत गाठली. बमरोलीला पत्र्याची खोली, शेजारी कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, आणि कानात दिवसभर तो खडखडाट. मी चार मशीनं सांभाळायचो. बारा तास या मशीनवरून त्या मशीनवर नुसत्या येरझाऱ्या. खाल्लेलं अंगाला लागायला ते अंगात थांबायला तर पाहिजे! काडीसारखा होतो. गावी गेलो की बायका मायला म्हणायच्या, पोराला नीट खाऊ घालत नाही वाटतं. माय रडत परत यायची आणि सगळा राग माझ्या ताटात वाढायची.

पुढे शेठने मला मशीनवरून काढून गादीवर बसवलं. तयार कापडाचे टाके, म्हणजे अख्खे तागे, यायचे, ते तपासायचे, डाग-जाळी बघायची, घडी करून ठेवायचे. बढतीच म्हणायची. कामाचा एकच त्रास होता, की हलायचं नाही. बसल्या जागी सकाळी खमण यायचं, दुपारी चहाबरोबर लोचो, त्यावर तेलाची धार आणि शेव. कोणाकडे मुलगा झाला की पेढे, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, तुपात माखलेली घारी. सुरती माणूस खाण्याला नाही म्हणणाऱ्याकडे संशयाने बघतो. मी कशाला उगाच संशय ओढवून घेऊ?

बघता बघता मी पास झालो, तेही पहिल्या वर्गात. मान गेली, कंबर गेली, त्यांच्या जागी एकच गोल वस्तू आली. माय मला शेजारणींना दाखवायची. दिवाळीला गावी गेलो तर काकांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, चारचौघांत माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाले, ‘याला म्हणतात कमाई!’ त्या पोटाच्या जोरावरच बहिणीला स्थळं यायला लागली. वडील नाहीत, पण भाऊ कसा भरभक्कम आहे बघा, असं काका सांगत फिरायचे. माझं लग्न तिच्यानंतर, हे मायने ठरवून टाकलं होतं.

बहीण एकटीच तोंडावर बोलायची. ती दहावी झालेली, घरी बसून साड्यांना लेस लावायची, गुजराती आमच्यापेक्षा फर्डं बोलायची. ‘भाऊ, तू आधी पोट आत पाठवतोस आणि मग येतोस,’ म्हणायची. मी चिडायचो. चिडलो की धाप लागायची, मग चिडणंही जमेना.

एक दिवस कारखान्याचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पायरीवरच बसलो. बसलो त्याची भीती नाही वाटली, पण बसल्या बसल्या वडील आठवले, चूळ भरता भरता बसलेले. संध्याकाळी बहिणीने मला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर गुजराती, स्वतः अंगाने चांगलाच सुटलेला. त्याने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पारा बघितला, आणि बहिणीकडेच बघून म्हणाला, ‘आ पेट नथी, बीमारीनुं घर छे.’ वडील कशाने गेले ते विचारलं. ऐकल्यावर माझ्याकडे वळला. ‘बहिणीचं लग्न तुम्हालाच करायचं आहे ना? मग मांडवात उभं राहायचं असेल तर चालायला लागा. तेल, तूप, गोड बंद.’ एवढं सांगून त्याने समोरच्या वाटीतले शेंगदाणे तोंडात टाकले.

बहिणीच्या लग्नासाठी मी बारीक व्हायला निघालो, हे नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते बघता हे मलाच पुन्हा पुन्हा आठवावं लागतं.

सकाळी फटफटायला लागलं की मी बमरोलीच्या रस्त्याने चालायला निघायचो. त्या वेळी रातपाळी सुटायची. सगळे ओळखीचे, सगळे सायकलवर. जो तो थांबायचा. ‘कुठे निघाला?’ कुठेच नाही. ‘कुठेच नाही म्हणजे? बस मागे, सोडतो.’ अरे बाबा, मला कुठे जायचंच नाहीये! मग तो काळजीने बघायचा. आमच्या लोकांत माणूस पायी चालतो तो कामाला जायला, नाहीतर काम शोधायला. पोचायचंच नसलेला माणूस कोणी बघितला नव्हता. आठवड्याभरात बातमी पसरली की शेठने मला काढून टाकलंय आणि मी लाजेकाजे सकाळी अंधारातच काम शोधत हिंडतो. एकाने तर इच्छापोरला त्याच्या ठेकेदाराकडे शब्द टाकतो म्हणून सांगितलं. भला माणूस. त्याला खरं सांगितलं तर म्हणाला, राहू द्या, गरिबाला लपवायचं काय त्यात.

घरात बहिणीचं राज्य आलं. ज्वारीची भाकरी, बिनतेलाची भाजी, ताक. माय ताटाजवळ बसून डोळे पुसायची, ‘मना पोऱ्या वाळी गया’ म्हणायची आणि बहिणीची नजर चुकवून भाकरीच्या घडीत तूप लपवायची. बहीण घडी उघडून बघायची. दोघींचं भांडण व्हायचं, आणि ते मिटेपर्यंत मी उपाशी. घरात वजनकाटा कुठला! बहिणीने एक युक्ती केली. टाक्याच्या कडेची पट्टी निघते ना, ती किनार तिने माझ्या पोटाभोवती गुंडाळली आणि जिथे टोकं भेटली तिथे गाठ मारली. ती किनार खिळ्याला टांगून ठेवली. दर रविवारी ती पुन्हा गुंडाळायची आणि नवी गाठ आधीच्या गाठीच्या आत पडली की टाळी वाजवायची. गाठ जागची हलली नाही की त्या दिवशी ताकही पातळ.

होळी गेली, उन्हाळा आला, आणि मी खरोखर उतरलो. जिना एका दमात चढायला लागलो. दंडाचा पट्टा सोडताना डॉक्टरने पाठीवर हात ठेवला. पँट कमरेला चुण्या घालून आवळावी लागायची. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नेटाने केलं होतं आणि मला त्याचा भयंकर आनंद झाला होता. तो आनंद एवढ्या मोठ्या सुरतेत आम्ही तिघंच मानत होतो. मी, डॉक्टर आणि बहीण. शेठनेही एक दिवस हळू आवाजात विचारलं, ‘तबियत तो सारी छे ने?’ आणि गादीवर माझ्यापासून जरा सरकून बसला.

तो का सरकला ते मला गावात कळलं.

लगीनसराईत एका लग्नाला गेलो होतो. एसटीतून उतरलो. म्हाताऱ्यांनी मान बघितली आणि बसायला जागा केली नाही. कोणी ‘कधी आला’ म्हणेना. पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. पाणी मागितलं तर चुलतभावाने स्टीलचा पेला परत घेतला आणि द्रोणात पाणी दिलं. मी आपला भोळा सांब! मला वाटलं, पेले कमी पडले असतील. बहीण मात्र लालबुंद झाली होती. तिने बायकांत ऐकलं होतं. त्या काळात एड्सच्या जाहिराती नव्या नव्याच भिंतींवर रंगल्या होत्या. मुंबई-सुरतेकडे राहणारा, लग्न न झालेला पोरगा, आणि चार-सहा महिन्यांत एवढा वाळलेला. गावाने हिशोब केला आणि उत्तर काढलं. डॉक्टरची गरजच नाही!

मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की काय सांगू. आणि खूप नंतर, राग उतरल्यावर, आणखी एक गोष्ट मनात आली. समजा, असता मला तो रोग. मग काय द्रोणातच पाणी पाजणार होते का हे लोक मरेपर्यंत? माझ्याच मांडीवर खेळलेला भाऊ होता तो.

पण माझ्या रागाला विचारतं कोण? बहिणीचं लग्न ठरल्यात जमा होतं. सुरतेतल्याच गोडादऱ्याचं घर, आमच्याच भागातून आलेलं. मुलगा साडीच्या मार्केटमध्ये कामाला, शांत, तिच्याशी दोन शब्द बोलताना कान तांबडे करणारा. तिलाही आवडला होता. ते तिने सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती लेस लावताना गुणगुणायला लागली होती. पसंती झाली होती, सुपारी फुटायची राहिली होती. त्या घरून आता निरोप आला, की घाई नको, श्रावणानंतर बघू. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. तिचं गुणगुणणं बंद झालं. तरी रविवारी ती किनार घेऊन आली. मी म्हणालो, फेक ती, लाग पाहिजे तेवढं तूप वाढायला. ‘तुला अंगणात पडलेला बघू का मग?’ म्हणाली, आणि गाठ मारता मारता रडली.

काका गावाहून तणतणत आले. ‘मूर्खा, पोट घालवलंस ते घालवलंस, पोरीचं लग्नही घालवलंस!’ रक्त तपासून डॉक्टरने दिलेली चिठ्ठी दाखवू का मुलाकडच्यांना, असं मी म्हटलं. चिठ्ठी दाखवणारा तर पक्का रोगी, असं काकांचं मत पडलं. त्यांनीच मग तोड काढली. श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. आमचा मोठा सण. नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडायची आणि रोट करायचे. रोट म्हणजे आमच्याकडे खास त्या दिवसाच्या गव्हाच्या, पुरण भरलेल्या जाड पोळ्या, तुपात थबथबलेल्या. सोबत खीर, कटाची आमटी, लाल भोपळ्याची भाजी. काका म्हणाले, मुलाच्या बापाला दर्शनाला बोलवू, आणि तू त्याच्यासमोर पोटभर खा. खाणारा माणूस आजारी नसतो. झालं! बहिणीचं लग्न व्हावं म्हणून सोडलेलं सगळं आता बहिणीचं लग्न व्हावं म्हणून खायचं होतं.

रोटांचे दोन नियम सांगायला हवेत. एक, रोट फक्त आपल्या कुळातल्यांनी खायचे. सोयऱ्याधायऱ्यांना द्यायचे नाहीत आणि टाकायचेही नाहीत, उरले तर घरातल्यांनीच संपवायचे. दुसरा, गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजायच्या. पोरीबाळींची मूठ नाही. लहानपणी बहिणीने विचारलं होतं, मग मी कोणाचं खाऊ? वडील म्हणाले होते, भाऊच्या मुठीतलं. तेव्हापासून दर कानबाईला ती माझं जेवण होईपर्यंत थांबायची आणि माझ्या ताटातला शेवटचा रोट मोडून अर्धा उचलायची. मी अर्धा ठेवायचोच. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

त्या रविवारी मुलाचा बाप आला. दणकट माणूस, खुर्चीवर बसला तर खुर्ची दिसेना. रोट सोयऱ्यांना चालत नाहीत, म्हणून मायने त्यांच्यापुढे भजी आणि चहा ठेवला. ते भज्यांना हात लावेनात. माझ्याकडेच बघत होते. मी देवीसमोर पाटावर, काका माझ्या शेजारी, आणि वाढायला बहीण.

मी खायला लागलो. पहिला रोट चांगला लागला, खोटं कशाला बोलू! इतक्या महिन्यांनी तूप जिभेला लागलं होतं. दुसऱ्याला घाम फुटला. काका म्हणत होते, ‘खाय रे, लाजू नको!’ आणि बहिणीला डोळ्यांनी खुणावत होते, वाढ, अजून वाढ. ती तोंड घट्ट मिटून वाढत होती. तुपाची वाटी माझ्यावर फेकून मारेल की काय असं मला वाटत होतं. खिरीची वाटी संपवली की दुसरी यायची. सवय गेलेलं पोट, पुरण वर यायला लागलं. छातीत धडधड, कानशिलं गरम, आणि समोर तो माणूस माझ्या प्रत्येक घासाबरोबर मान हलवतोय. पण त्याचा चेहरा सैलावत नव्हता. कारण मला दिसत होतं. घाम येऊन, पांढराफटक पडून, जिवावर उदार होऊन खाणारा माणूस काही निरोगी दिसत नाही. आमची सगळी मसलत उलटी पडत होती आणि काका तर आणखीन ‘खाय, खाय’ करत होते.

शेवटी माझा हात थांबला. ताटात अर्धा रोट उरला होता, एका बाजूने दात लागलेला, आमटीत भिजलेला. काका खाकरले. मी पुन्हा हात पुढे करणार, तेवढ्यात बहीण तुपाची वाटी खाली ठेवून माझ्या ताटाशी बसली. ‘माझा आहे तो,’ म्हणाली आणि उचलून खाल्ला. तसाच, माझा उष्टा. मग बोटं चाटली, माझ्याच पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायली आणि दुसऱ्यांना वाढायला उठली. दरवर्षीसारखीच. तिने ते ठरवून केलं की सवयीने, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा.

मुलाच्या बापाने मोठ्ठा श्वास सोडला. खुर्ची करकरली. मग त्यांनी एक भजं उचललं, मग दुसरं, आणि बघता बघता बशी साफ केली. निघताना मायला म्हणाले, ‘सख्खी बहीण उष्टं खाते म्हटल्यावर आम्ही कोण शंका घेणार? दिवाळीनंतरचा मुहूर्त बघा.’

मजा बघा. उष्ट्याने तो रोग लागत नाही, हे डॉक्टरने मला रक्त तपासतानाच सांगितलं होतं. म्हणजे तिच्या त्या अर्ध्या रोटाने काहीएक सिद्ध होत नव्हतं. माझं रक्त, माझा पारा, माझ्या आत आत सरकलेल्या गाठी, ज्यांनी सिद्ध होत होतं ते कोणी बघितलं नाही. काका आजतागायत सांगतात की लग्न त्यांच्या डोक्याने जमलं. मी रात्रभर ओवा चघळत बसलो होतो.

लग्न झालं. मांडवात मी उभा होतो, दोन्ही पायांवर, धाप न लागता. मानेवरून कुजबुज झालीच, पण द्रोण कोणी दिला नाही. पाठवणीला ती माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके देता देता कानात म्हणाली, चालणं सोडू नको. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी व्याही एकदा मला बाजूला घेऊन गेले, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘ते पोट कमी करायला काय केलं होतं हो?’ त्यांच्याही दंडाला कोणीतरी पट्टा बांधला होता. मी म्हणालो, काही नाही, पहाटे कुठेच जायचं नाही तिथवर चालत जा.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा घरात माय आणि मीच. गहू मोजले, माझ्या नावाच्या मुठी, नेहमीएवढ्याच. दर्शनाला बहीण गोडादऱ्याहून आली, नवी हिरवी साडी नेसून. आल्या आल्या खिळ्यावरची किनार काढली, माझ्याभोवती गुंडाळली, आणि गाठ जुन्या गाठीवरच पडली म्हणून खूश झाली. मग मायने तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्यापुढे भजी आणि चहा ठेवला.

मला क्षणभर कळेना, हे काय चाललंय. मग कळलं. ती आता दुसऱ्या कुळाची. बाहेरची.

मी जेवलो. जपून, थोडंसं. खाता खाता हात आपोआप थांबला आणि ताटात अर्धा रोट राहिला. मी वर बघितलं. ती खुर्चीवर बसून त्या रोटाकडेच बघत होती. हातातला चहा तसाच होता. माय म्हणाली, संपव, टाकता येत नाही. मी मायला म्हणालो, तिला दे ना, काय होतं एवढ्याने? मायने देवीपुढच्या दिव्यात तेल घातलं. आईशपथ सांगतो, तेव्हा त्या कानबाईचाही मला राग आला.

‘खाऊन टाक रे भाऊ,’ बहीण म्हणाली. ‘एका दिवसाने काही वजन वाढत नाही.’

मी तो अर्धा रोट खाल्ला. तिच्यासमोर, एकट्याने, सगळा.